एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस सी : स्वतःचा धोका कसा तपासायचा

समजा, तुमचा सहामाही रिपोर्ट हातात आला आहे. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, सापडत नाही. सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी सहाशेच्या घरात. जीव भांड्यात पडतो आणि कागद घडी होऊन पिशवीत जातो. त्याच कागदावर खाली लिव्हरच्या रकान्यात एएलटी नावाचा, लिव्हरला इजा झाली की वाढणारा, एक आकडा असतो. मागच्या खेपेला तो ३१ होता, आता ११२ आहे. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं : "एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्यांनी होतं असं कधी कधी." पुढच्या तपासणीत आकडा पुन्हा खाली आलेला असतो आणि विषय तिथेच मिटतो.

नव्याने झालेला हिपॅटायटिस सी नेमका अशाच वेळी नजरेतून सुटतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत एएलटी वर चढतो आणि मग उतरतो. विषाणू मात्र लिव्हरमध्ये ठाण मांडून बसलेला असतो. बहुतेकांना या काळात काहीच जाणवत नाही. डोळे पिवळे होत नाहीत, पोट दुखत नाही. थोडा थकवा आलाच तर तो कामाच्या खात्यावर जातो.

म्हणून एचआयव्हीसोबत जगणाऱ्या प्रत्येकाने आपला हिपॅटायटिस सीचा धोका एकदा शांतपणे बसून तपासावा. एक वही, एक पेन आणि तासभर वेळ पुरतो. पुढे दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पायरी १ : दोन विषाणूंचे हिशोब वेगळे ठेवा

एचआयव्हीचा व्हायरल लोड सतत सापडत नसेल, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही लागत नाही. हे आता पक्कं सिद्ध झालं आहे आणि त्यामुळे असंख्य लोकांच्या मनावरचं ओझं उतरलं आहे. पण हा दिलासा फक्त एचआयव्हीपुरता आहे. हिपॅटायटिस सीचा विषाणू वेगळा आहे आणि एआरटीची कोणतीही गोळी त्याला रोखत नाही. एचआयव्ही होऊ नये म्हणून घेतली जाणारी 'प्रेप'ची गोळीही त्याच्यापुढे निरुपयोगी आहे. हिपॅटायटिस बीची गोष्ट निराळी. एआरटीतली टेनोफोविर आणि लॅमिवुडिन ही औषधं त्याच्यावरही चालतात, शिवाय त्याची लस आहे. सीवर लस नाही.

हा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. त्याआधी रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या या काविळीला डॉक्टर 'ए नाही, बी नाही' अशा नकारार्थी नावानेच ओळखत. त्याच्या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. शोधाचं वर्ष इथे सांगायचं कारण व्यावहारिक आहे. १९८९ पूर्वी जगात कुठेही दिल्या गेलेल्या रक्ताची या विषाणूसाठी तपासणी होणं शक्यच नव्हतं. नंतरही ती सगळीकडे एकाच वेळी सुरू झाली नाही. तुमचं किंवा तुमच्या आईवडिलांचं एखादं जुनं ऑपरेशन त्या काळातलं असेल, तर त्याची नोंद वहीत व्हायला हवी.

एचआयव्ही असताना हिपॅटायटिस सी झाला तर काय बदलतं? एचआयव्ही नसलेल्या दहा जणांना हा संसर्ग झाला, तर साधारण तिघांचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत औषधाशिवायच विषाणू हुसकावून लावतं. एचआयव्ही असेल तर हे प्रमाण घटतं. रक्तातली विषाणूंची संख्या जास्त राहते, लिव्हरवर वण धरण्याचा वेग वाढतो आणि सिरॉसिस, म्हणजे वणांनी लिव्हर कडक होऊन निकामी होऊ लागणं, लवकर गाठतो. सीडी४ जितके कमी, तितका हा वेग जास्त. नियमित एआरटीने तो बराच मंदावतो, पण पूर्ण थांबत नाही. एकाच चुकीची किंमत दोन माणसांना सारखी पडत नाही, म्हणून एचआयव्ही असलेल्यांनी या बाबतीत जास्त काटेकोर राहावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

जागतिक अंदाजानुसार सुमारे २३ लाख लोकांना हे दोन्ही संसर्ग एकत्र आहेत. त्यातले निम्म्याहून अधिक जण सुईने नशा घेणारे किंवा कधीकाळी घेतलेले आहेत.

पायरी २ : रक्ताचा हिशोब लिहून काढा

वहीच्या पानावर एकच प्रश्न लिहा : दुसऱ्या कुणाचं रक्त, थेंबभर का होईना, माझ्या रक्तात जाण्याची वेळ कधी कधी आली असेल? मी कोण आहे, कसा वागतो, लोक काय म्हणतील, हे प्रश्न इथे बाजूला ठेवा. लग्न झालेली गृहिणी असो, ट्रकवर असलेला माणूस असो की कॉलेजातला मुलगा, विषाणूला फक्त आत शिरायला वाट हवी असते. आठवेल तसं अंदाजे साल टाकत चला. हे पान तुमच्याशिवाय कुणीही वाचायची गरज नाही. त्यामुळे खरं लिहा.

*सुई आणि सुईभोवतीचं सगळं*

हा सगळ्यात मोठा धोका आहे आणि बाकीचे सगळे याच्या बरेच मागे आहेत. एचआयव्ही असलेल्या आणि सुईने नशा घेणाऱ्या लोकांमध्ये जगभरात ८० टक्क्यांहून अधिक जणांच्या रक्तात हिपॅटायटिस सीच्या अँटीबॉडी, म्हणजे या विषाणूशी गाठ पडल्याच्या खुणा, सापडतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, स्कॉट काउंटी नावाच्या ग्रामीण भागात, २०१४-१५ मध्ये वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घेण्यातून एचआयव्हीची साथ पसरली. पहिल्या टप्प्यात नोंदल्या गेलेल्या १८१ जणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना हिपॅटायटिस सीही होता. सुईवाटे पसरायला हा विषाणू एचआयव्हीपेक्षा कितीतरी चिवट आहे, म्हणून तो सहसा आधी पोचलेला असतो.

हे नेमकं कसं घडतं, ते जवळून बघू. सिरिंजचा दट्ट्या पूर्ण तळापर्यंत दाबला, तरी सुई जिथे सिरिंजला जोडली जाते त्या बारीक पोकळीत थोडा द्रव राहतोच. टोचताना शीर सापडली का हे बघायला दट्ट्या किंचित मागे ओढलेला असतो, म्हणजे त्या द्रवात रक्त मिसळलेलं असतं. सुई वेगळी काढता येते अशा सिरिंजमध्ये ही पोकळी मोठी असते. सुई घट्ट जोडलेली असते त्या इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये ती लहान असते. प्रयोगशाळेत अशा उरलेल्या रक्तात हिपॅटायटिस सीचा विषाणू तब्बल ६३ दिवस जिवंत सापडला आहे. दोन महिने कोपऱ्यात पडून असलेली सिरिंज सुकली म्हणून सुरक्षित झाली, असं समजू नका.

आता ती सिरिंज पाण्याने धुतली, तर रक्त त्या पाण्यात उतरतं. त्याच पाण्यात दुसरा आपली नवी सिरिंज बुडवतो. चमच्यात किंवा बाटलीच्या झाकणात माल विरघळवतात, कापसाच्या बोळ्यातून गाळून ओढतात, एकाच्या सिरिंजमधून मोजून दुसऱ्याच्या सिरिंजमध्ये वाटणी करतात. या प्रत्येक टप्प्यावर रक्ताला एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायची वाट मिळते. "मी कधीच कुणाची सुई वापरली नाही" असं सांगणारा माणूस अगदी खरं बोलत असतो आणि तरीही त्याला संसर्ग झालेला असतो, कारण चमचा, कापूस आणि पाणी एकच होतं. दंडाला बांधायचा पट्टा आणि रक्त लागलेली बोटंही याच यादीत धरा.

म्हणून वहीत "सुई वाटून घेतली का?" एवढाच प्रश्न लिहून पुढे जाऊ नका. नशा टोचून घेताना आजूबाजूला आणखी कुणी होतं का, हे विचारा. वीस वर्षांपूर्वी एकदाच केलेला प्रयोगही मोजायचा. ज्यांना जोडीदार टोचून देत असे, त्या बायकांनी हे खास लक्षात घ्यावं. अशा वेळी सुई बहुधा आधी त्याच्या शिरेत आणि नंतर तिच्या शिरेत जाते, आणि तिला "मी तर स्वतः कधी सुई हातातही धरली नाही" असंच वाटत राहतं.

ज्या टोचण्याला कुणी नशा म्हणत नाही, तेही इथेच येतं. जिममध्ये स्टेरॉइडची एकच बाटली चौघांनी वापरणं, वजनासाठी किंवा ताकदीसाठी मित्राने दिलेलं इंजेक्शन, हे सगळं. तुरुंगात काढलेला काळही लिहा, कारण तिथे सुया दुर्मीळ असतात आणि असलेली एकच अनेक हातांतून फिरते. नाकाने पावडर ओढण्याचा धोका याहून बराच कमी आहे, पण नळी किंवा गुंडाळलेली नोट एकच असेल आणि नाकातून रक्त येत असेल, तर शक्यता उरते.

*शरीरसंबंध*

इथे दोन अगदी वेगळी चित्रं आहेत आणि ती एकत्र केली की गोंधळ होतो.

एकमेकांशीच संबंध असलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांमध्ये हिपॅटायटिस सी संबंधातून पसरणं फारच दुर्मीळ आहे. वर्षानुवर्षं एकत्र राहूनही जोडीदार निगेटिव्ह राहिल्याची उदाहरणं भरपूर आहेत. त्यामुळे "नवऱ्याला आहे म्हणजे बायकोला असणारच" हे गृहीत चुकीचं आहे. तपासणी मात्र दोघांची व्हावी.

पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचं चित्र वेगळं आहे. साधारण २००० सालापासून युरोपातल्या शहरांत आणि पुढे इतर खंडांतही, एचआयव्ही असलेल्या आणि आयुष्यात कधीच सुई न टोचलेल्या पुरुषांमध्ये नव्या हिपॅटायटिस सीचे समूह सापडू लागले. विषाणूच्या जनुकांची तुलना केल्यावर तो त्यांच्यात एकमेकांकडूनच पसरल्याचं दिसलं. पुढे हा विषाणू वीर्यात आणि गुदाशयातल्या स्रावातही आढळला.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी स्पष्ट आहेत, म्हणून त्या स्पष्टच लिहितो. कंडोमशिवाय गुदसंभोग. गुदाशयाचं नाजूक अस्तर फाटेल, रक्त येईल असे जोराचे प्रकार, विशेषतः हाताची मूठ आत घालणं. एकाच वेळी अनेकांशी संबंध, जिथे एकाचं रक्त हाताने, कंडोमवरून किंवा खेळण्यावरून दुसऱ्याकडे जातं. सगळ्यांची बोटं बुडतात तो वंगणाचा एकच डबा. एनिमाची नळी वाटून वापरणं. आणि सिफिलिस (म्हणजे गरमी), गनोरिया, एलजीव्ही यांसारखे गुप्तरोग, कारण त्यांच्या जखमांमुळे दार आधीच उघडं असतं.

संबंधांच्या वेळी मेफेड्रोन, क्रिस्टल मेथ किंवा जीएचबीसारखे पदार्थ घेतले तर हे सगळे धोके एकदम वाढतात. तासन्‌तास संबंध चालतात, दुखल्याचं कळत नाही, रक्त आलेलं दिसत नाही आणि कंडोम कधी सुटला ते आठवत नाही. त्यात कुणी तोच पदार्थ टोचून घेतला, तर आधी सांगितलेला सुईचा धोका यात मिसळतो. माझ्या मते या एका प्रश्नाबद्दल दवाखान्यांत सर्वांत कमी बोललं जातं. डॉक्टर विचारत नाहीत आणि माणूस स्वतःहून सांगत नाही. तुम्हाला तोंडाने बोलायला जड जात असेल, तर वहीचं ते पान फाडून समुपदेशकाच्या हातात द्या. तेवढंच पुरे होतं.

*दवाखाना*

वरचा कोणताही प्रकार लागू नसेल, तर इथे थांबून नीट आठवा. तपासणी सुरू होण्याआधीच्या काळात चढवलेलं रक्त, हिमोफिलियासाठी (रक्त न गोठण्याच्या आजारासाठी) घेतलेली जुनी घटकद्रव्यं, डायलिसिस, अवयव प्रत्यारोपण. आणि साधी इंजेक्शनं. पुन्हा वापरलेल्या सुयांनी केवढा अनर्थ होतो, याचं सर्वांत मोठं उदाहरण इजिप्तमधलं आहे. तिथे १९५० पासून पुढची काही दशकं शिस्टोसोमा या परजीवीविरुद्ध सार्वजनिक मोहिमेत इंजेक्शनं दिली गेली. काचेच्या सिरिंज नीट निर्जंतुक न झाल्याने देशभर हिपॅटायटिस सी पसरला. कंबोडियातल्या रोका या गावात २०१४ च्या शेवटी परवाना नसलेल्या एका वैद्यकाच्या इंजेक्शनांमुळे लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत अनेकांना एचआयव्ही झाल्याचं उघड झालं. त्यातल्या बहुसंख्य लोकांना हिपॅटायटिस सीही होता. तुम्हाला एचआयव्ही स्वतःच असुरक्षित इंजेक्शनातून किंवा रक्तातून झाल्याची शंका असेल, तर त्याच वाटेने हा दुसरा पाहुणाही आला असेल असं धरूनच तपासणी करा.

आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांना सुई टोचली जाण्याचा धोका असतो. वापरलेल्या सुईने एकदा टोचलं गेल्यावर हिपॅटायटिस सी होण्याची शक्यता साधारण दोन टक्के किंवा त्याहून कमी असते. कमी असली तरी टोचलेल्या दिवशीच नोंद करा आणि विषाणू रक्तात आहे का हे बघणाऱ्या आरएनए तपासणीची तारीख घ्या.

*टॅटू, वस्तरा, घरातल्या वस्तू*

नीट निर्जंतुक उपकरणं वापरणाऱ्या ठिकाणी काढलेला टॅटू फारशी काळजी करण्यासारखा नाही. तुरुंगात, जत्रेत, मित्राच्या खोलीत घरगुती यंत्राने काढलेला असेल, तर लिहा. शाईची वाटी एकच होती का, हेही आठवा, कारण नवी सुई जुन्या शाईत बुडवली तर उपयोग नाही. कान-नाक टोचणं, सामूहिक सुंता, अंगावर छेद देण्याचे विधी, एकाच पात्याने अनेकांची दाढी, हेही त्याच जातीचं. घरात रेझर, नेलकटर, टूथब्रश आणि रक्तातली साखर बघायची टोचणी प्रत्येकाची वेगळी हवी.

*आई*

आईला हिपॅटायटिस सी असेल, तर बाळाला तो होण्याचं प्रमाण ५ ते ६ टक्क्यांच्या आसपास आहे. आईला एचआयव्हीही असेल तर ते जवळपास दुप्पट होतं, आणि एआरटी नीट चालू असेल तर खाली येतं. म्हणजे जन्मापासून एचआयव्ही असलेल्या, आता तरुण झालेल्या मुलामुलींनी आईची हिपॅटायटिस सीची तपासणी झाली होती का, हे विचारून घ्यावं. उत्तर मिळालं नाही तर स्वतःची करावी.

पायरी ३ : जे धोक्याचं नाही ते खोडून टाका

एका ताटात जेवणं, पाणी, शिंक, मिठी, हस्तांदोलन, चुंबन, डास, शौचालय, पोहण्याचा तलाव. यांतून हिपॅटायटिस सी होत नाही. आईच्या दुधातूनही होत नाही. स्तनाग्रांना भेगा पडून रक्त येत असेल तर भेगा भरेपर्यंत पाजणं थांबवायचं. एचआयव्हीमुळे स्तनपानाबद्दल जो सल्ला मिळाला आहे, तो वेगळा पाळायचाच.

पायरी ४ : योग्य तपासणी मागून घ्या

वहीचं पान अगदी कोरं राहिलं, तरी एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाची हिपॅटायटिस सीची तपासणी एकदा तरी व्हायलाच हवी, शक्यतो एचआयव्हीचं निदान होतानाच. तुमच्या फाइलमध्ये हा रिपोर्ट आहे का बघा. "झाली असेल" यावर विसंबू नका, कागद शोधा.

तपासण्या दोन आहेत आणि त्यांतला फरक समजला की निम्मं काम झालं. पहिली अँटीबॉडीची, म्हणजे 'अँटी-एचसीव्ही'. शरीराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच ती सांगते. दुसरी आरएनएची, जिला अनेक जण पीसीआर किंवा हिपॅटायटिस सीचा व्हायरल लोड म्हणतात. विषाणू आत्ता रक्तात आहे का, हे ती सांगते. अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली तर लगेच धास्ती घेऊ नका. आरएनए झाल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही.

एचआयव्ही असलेल्यांसाठी इथे दोन खाचखळगे आहेत. अँटीबॉडी तयार व्हायला सर्वसाधारणपणे ८ ते ११ आठवडे लागतात, आणि एचआयव्हीमध्ये कधी कधी याहून जास्त. सीडी४ फारच खाली असतील तर विषाणू असूनही अँटीबॉडी निगेटिव्ह येऊ शकते. आरएनए मात्र संसर्गानंतर एक-दोन आठवड्यांतच दिसू लागतो. त्यामुळे नुकताच धोका घडला असेल, सीडी४ दोनशेच्या खाली असतील किंवा कारण न सापडता एएलटी वाढला असेल, तर "अँटीबॉडी निगेटिव्ह आहे, मग काही नाही" इथे समाधान मानू नका. सरळ म्हणा : "डॉक्टर, माझा एएलटी वाढलाय आणि मला धोका होता. आरएनए करून बघूया का?" कोणताही चांगला डॉक्टर या वाक्याचं वाईट वाटून घेणार नाही.

किती वेळा तपासायचं? धोका चालू नसेल तर एकदा पुरे. चालू असेल तर वर्षातून एकदा. सुई वाटून घेणं, कंडोमशिवाय अनेकांशी गुदसंबंध, पदार्थ घेऊन संबंध किंवा नुकताच झालेला सिफिलिस असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी एएलटी आणि आरएनए. व्हायरल लोडसाठी रक्त देता त्याच दिवशी हेही उरका, वेगळी फेरी पडत नाही.

पायरी ५ : रिपोर्ट निगेटिव्ह आला तर

नशा आज सुटणार नसेल, तर निदान प्रत्येक वेळी नवी सिरिंज हवी. स्वतःचा चमचा, स्वतःचा कापूस, स्वतःचं पाणी. वाटणी करायचीच असेल तर कोरड्या मालाची करा, विरघळवून सिरिंजने नको. सुई जोडलेलीच असते ती कमी पोकळीची सिरिंज मिळत असेल तर ती घ्या. ब्लीचने धुणं हा नाइलाजाचा मार्ग आहे, भरवशाचा नाही. टोचून घेण्याच्या नशेऐवजी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देण्याची पर्यायी उपचारपद्धत घेणाऱ्यांमध्ये हिपॅटायटिस सीची नवी लागण साधारण निम्म्यावर येते. या उपचाराला पुरेशा नव्या सुयांची जोड मिळाली तर नवी लागण सुमारे तीन चतुर्थांशाने घटते. या दोन गोष्टी एकत्र हव्यात, एकीवर भागत नाही.

संबंधांत कंडोम, आणि जोडीदार बदलला की नवा कंडोम. हातमोजेही तसेच बदला. वंगणाची बाटली स्वतःची आणि पंपाची असावी, म्हणजे बोटं आत जात नाहीत. रक्त दिसलं की तिथेच थांबा. गुप्तरोगांची तपासणी तिमाही असेल तर तीत हिपॅटायटिस सी घालून घ्या.

दवाखान्यात सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. गोळीने भागणाऱ्या आजारासाठी इंजेक्शनचा आग्रह धरू नका. हिपॅटायटिस ए आणि बीच्या लशी झाल्या नसतील तर घ्या, कारण आधीच एका विषाणूशी झुंजणाऱ्या लिव्हरवर दुसरा घाला नको. बीच्या लशीनंतर संरक्षण तयार झालं का, हे एचआयव्हीमध्ये रक्त तपासून खात्री करून घ्यावं लागतं, कारण नेहमीच्या मात्रेने ते काही जणांत होत नाही.

पायरी ६ : आरएनए पॉझिटिव्ह आला तर

आधी श्वास घ्या. हिपॅटायटिस सी पूर्ण बरा होतो. एचआयव्हीबद्दल आज हे म्हणता येत नाही, याच्याबद्दल म्हणता येतं. एके काळी इंटरफेरॉनची इंजेक्शनं ४८ आठवडे घ्यावी लागत. ताप, नैराश्य, रक्त कमी होणं सोसूनही एचआयव्ही असलेल्या निम्म्याहून अधिक जणांना गुण येत नसे. त्या आठवणीने आजही काही जण उपचाराला घाबरतात. आताच्या गोळ्या, सोफोसबुविरसोबत डक्लाटासविर किंवा वेलपाटासविर, अथवा ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविर, बहुतेकांना ८ ते १२ आठवडे घ्याव्या लागतात आणि शंभरात पंचाण्णवहून अधिक जण बरे होतात. एचआयव्ही असलेल्यांमध्येही निकाल तेवढेच चांगले आहेत.

गोळ्या सुरू होण्याआधी चार गोष्टी झाल्याची खात्री करा. पहिली, हिपॅटायटिस बीची तपासणी. बी लपून बसलेला असेल तर सी हटल्यावर तो उसळू शकतो. त्याच कारणाने एआरटीतली टेनोफोविर-लॅमिवुडिन मनाने बंद करू नका. दुसरी, तुम्ही घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. एफाविरेंझ चालू असेल तर वेलपाटासविर चालत नाही आणि डक्लाटासविरची मात्रा वाढवावी लागते. अटाझानाविरबरोबर ग्लेकाप्रेविर देता येत नाही. डोलुटेग्राविरबरोबर यांचं सहसा जमतं. क्षयरोगाची रिफॅम्पिसिन आणि फिट्सच्या काही गोळ्या या उपचाराचा परिणाम घालवतात. अ‍ॅसिडिटीची साधी गोळीसुद्धा वेलपाटासविरचं शोषण कमी करते. ती किरकोळ वाटते म्हणून यादीतून राहून जाते, आवर्जून सांगा.

तिसरी, लिव्हरवर किती वण आहेत याचा अंदाज. फिब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालं हे मोजणारं यंत्र, नसलं तरी अडत नाही. वय, एएसटी (एएलटीसारखाच लिव्हरचा दुसरा आकडा), एएलटी आणि प्लेटलेट यांवरून 'फिब-४' हा आकडा काढतात. वयाला एएसटीने गुणायचं, मग त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ याने भागायचं. १.४५ च्या खाली असेल तर वण फारसे नसावेत, ३.२५ च्या वर असेल तर काळजीचं. हे सूत्र मुळात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी एकत्र असलेल्या रुग्णांच्या माहितीवरूनच तयार झालं, म्हणून आपल्या कामाचं आहे. सिरॉसिस आढळला तर सी बरा झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी लागते, कारण लिव्हरच्या कॅन्सरचा धोका उरतो. दारू या काळात पूर्ण बंद. वण वाढवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. चौथी, मूल होऊ द्यायचं ठरत असेल तर आधी हा उपचार उरकून घेणं सोयीचं, कारण गरोदरपणात या गोळ्या सहसा सुरू करत नाहीत.

जोडीदाराला, एकत्र टोचणाऱ्या मित्रांना आणि आईकडून संसर्गाची शक्यता असलेल्या मुलांना तपासायला सांगा. बाळाची अँटीबॉडी अठरा महिन्यांनंतर बघतात, कारण त्याआधी आईच्याच अँटीबॉडी त्याच्या रक्तात असतात. घाई असेल तर दोन महिन्यांनंतर आरएनए करता येतो. मित्रमंडळींतल्या एकानेच उपचार घेतला आणि बाकीचे तसेच राहिले, तर विषाणू फिरून परत येतो. एकदा बरं झाल्यावर प्रतिकारशक्ती तयार होत नाही, पुन्हा संसर्ग होऊ शकतो.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए होतो. तो निगेटिव्ह आला की तुम्ही बरे झालात. त्या रिपोर्टच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा, एक फोनमध्येही. अँटीबॉडी पुढेही पॉझिटिव्हच येत राहणार आहेत. उद्या दातासाठी किंवा एखाद्या ऑपरेशनसाठी गेलात तर तिथली तपासणी पुन्हा "हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह" म्हणेल आणि समोरचा माणूस गोंधळेल. त्या वेळी हा कागद पुढे करा. त्यानंतर धोका घडला असेल तर आरएनए मागा, अँटीबॉडी नको.